देवळामागची भिंत

(गावदेवी मंदिर जीर्णोद्धार समितीच्या विनंतीवरून, चैत्र यात्रेच्या आदल्या सायंकाळी, एप्रिल २०२५ मध्ये, सभामंडपात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेली काही मापे छापताना घातली आहेत.)



या व्यासपीठावर माझ्यासारख्याने बोलावे असे माझे काही कर्तृत्व नाही. मी दहावी पास माणूस. वडिलांच्या जागी अनुकंपा तत्त्वावर शिपाई म्हणून चिकटलो आणि आज तालुक्याच्या कचेरीत कारकून आहे. गाभारा, शिखर, कळस यांविषयी बोलणारे जाणते लोक पुढे बसले आहेत. मला समितीने आज्ञा केली ती देवळामागच्या फुलबागेच्या भिंतीविषयी सांगण्याची. अध्यक्ष म्हणाले, "बाहेरगावचे देणगीदार विचारतात की देवळाच्या मागे रेल्वेचे स्लीपर कशाला उभे केलेत. त्यांना एकदा नीट सांगून टाक." तेवढेच काम करतो.

पण त्यासाठी आधीच्या भिंतीची हकिगत सांगावी लागेल, आणि ती माझ्याच अंगावर येणारी आहे.

आपले देऊळ टेकाडाच्या उतारावर आहे हे सर्वांना ठाऊक आहे. मागच्या बाजूस जागा उंच, तिच्या खाली वाट, आणि वाटेपलीकडे ओहोळ. पूर्वी त्या उंचवट्याला दगडाचा गडगा होता. नुसता दगडावर दगड, मधे चुना नाही की माती नाही. आमच्या लहानपणी आम्ही त्यावर बसून बोरे खात असू. दर दोन-तीन वर्षांनी एखादा दगड निसटे, कोणीतरी तो परत बसवी. त्या गडग्याच्या वरच्या सपाटीवर जास्वंद, तगर, कण्हेर, प्राजक्त, एक बेल आणि तुळशीचे वाफे होते. देवीची रोजची फुले तिथूनच येत.

२०१८ साली ठरले की गडगा काढून पक्की भिंत बांधावी. गडगा दिसायला बरा दिसत नाही, आणि त्याच्या सांधीत पिंपळ उगवतो, असे कारण झाले. पिंपळाला हात लावायला कोणी तयार होईना, हेही खरे. काळ्या दगडाची, सिमेंटच्या दर्जेची भिंत बांधली. देखरेखीला मी होतो. मिस्त्रीने अंदाजपत्रक दिले, त्यात भिंतीतून पाणी बाहेर काढण्याचे पाइप आणि मागे भरायची खडी अशा दोन बाबी होत्या. रक्कम फार मोठी नव्हती. पण कचेरीत आम्हाला सवय असते, कोणतेही अंदाजपत्रक समोर आले की काहीतरी खोडायचे. मी त्या दोन बाबी माझ्या हाताने खोडल्या. वर लिहिले, "अनावश्यक". मागे खडीऐवजी खोदाईचीच माती दाबून भरली.

भिंत झाली तेव्हा शेजारची एक म्हातारी आजी, आता ती हयात नाही, काठी टेकत आली. भिंतीकडे बघून म्हणाली, "आरं बाला, पानी जायाला वाट नाय ठेवलीस, तर पानी त्याची वाट करनार." मी हसलो. आजीला सिमेंटचे काय कळते, असे मनात म्हटले.

२०१९ चा पावसाळा आपण कोणी विसरलेलो नाही. २ जुलैच्या मध्यरात्रीनंतर मालाडला पिंपरीपाड्यात डोंगरावरच्या जलाशयाची संरक्षक भिंत खालच्या वस्तीवर कोसळून कित्येक माणसे गेली. त्याच रात्री इकडे कल्याणात दुर्गाडीजवळ शाळेची भिंत शेजारच्या घरांवर पडून तीन जीव गेले. आणि २६ जुलैची रात्र उजाडताना वांगणी-बदलापूरच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी बोटींनी काढावे लागले. त्याच पहाटे आपली भिंत पडली. बारा मीटरपैकी सात-आठ मीटर एका अखंड लादीसारखी वाटेवर आडवी झाली. प्राजक्त मुळासकट खाली आला. दोन मोटारसायकली दबल्या. वार शनिवार होता. त्या वाटेने सकाळच्या शाळेची पोरे सात वाजता जातात, त्यांत माझी धाकटी मुलगीही असे. भिंत पडली तेव्हा साडेपाच झाले असतील.

त्यानंतर वर्षभर मी लोकांना सांगत राहिलो की पाऊसच तसा होता, ढगफुटीपुढे भिंत काय करणार. समितीच्या सभेतही तेच सांगितले आणि इतिवृत्तात तेच लिहिले गेले. अंदाजपत्रकाची ती प्रत माझ्याच कपाटात होती. आज या पुस्तिकेत छापले जावे म्हणून उघडपणे सांगतो की भिंत पावसाने पडली नाही. तिच्यातून पाणी जायची सोय मी खोडली होती म्हणून ती पडली.

हे मला कोणी समजावून दिले ते सांगतो. आपल्या गावचे एक गृहस्थ रेल्वेच्या कायम मार्ग विभागात, म्हणजे रूळ आणि खडीच्या खात्यात, आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झाले. आपले नाव छापायचे नाही असे त्यांनी बजावले आहे, म्हणून त्यांना नुसते नाना म्हणतो. नानांनी पडलेल्या भिंतीपाशी बसून मला काडीने मातीत हिशेब करून दाखवला. माती भिंतीला ढकलते, आणि हा ढकलण्याचा जोर उंचीच्या प्रमाणात वाढत नाही, उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. भिंत दुप्पट उंच केली की जोर चौपट. अडीच फूट उंचीच्या मातीचा जोर एका मीटर लांबीवर साधारण पावणेदोनशे किलो. पाच फूट उंचीला तोच सातशे किलोच्या जवळ जातो. हे सगळे माती कोरडी असताना. मागे पाणी तुंबून वरपर्यंत चढले की मातीच्या जोडीला पाणी ढकलू लागते, आणि पाण्याला मातीसारखे स्वतःच्या पायावर उभे राहता येत नाही. मग तोच आकडा दीड हजार किलोवर जातो, दुपटीहून जास्त. आपल्या बारा मीटर भिंतीवर त्या पहाटे अठरा टनांच्या आसपास रेटा असणार. आमच्या भिंतीची जाडी दीड फूट. नाना म्हणाले, "ही रात्रभर उभी राहिली हेच नवल."

मग मी विचारले की नाना, तो जुना गडगा आमच्या आजोबांपासून उभा होता तो कसा? ते म्हणाले की त्याच्या प्रत्येक सांध्यातून पाणी गळत होते. आपण सिमेंट लावून ते सांधे बुजवले. दगड तोच होता.

आता नवी भिंत कशाची बांधावी याचा वाद सुरू झाला आणि तो टाळेबंदीची दोन वर्षे धरून बराच लांबला. काहींचे म्हणणे पुन्हा काळ्या दगडाचीच बांधा. माझेही मन तिकडेच होते. दगडाला तोड नाही. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इसवी सन १०६० चे, आणि चुन्याशिवाय दगडावर दगड बसवून आजही उभे आहे. पण पाच फूट उंचीची दगडी भिंत नुसत्या वजनावर उभी राहायची तर तळाशी अडीच फूट तरी जाड हवी. तेवढी जागा सोडली तर बेलाचे झाड काढावे लागत होते. शिवाय सुका गडगा नीट रचणारे हात आता आपल्या पंचक्रोशीत उरलेले नाहीत. काहींनी सळईच्या काँक्रीटची भिंत सुचवली, ती उत्तम, पण खर्च गाभाऱ्याच्या फरशीवर येत होता.

स्लीपरचा विषय निघाला तो एका फोटोवरून. आपल्या गावचे एक जावई ऑस्ट्रेलियात असतात. त्यांनी घरामागच्या बागेची भिंत फोटोत दाखवली आणि म्हणाले, ही काँक्रीट स्लीपरची आहे. तिकडे पूर्वी लोक बागेला रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर लावत. लाकूड सडे, वाळवी लागे, म्हणून त्याच आकाराच्या काँक्रीटच्या फळ्या कारखान्यात तयार होऊ लागल्या आणि नाव मात्र स्लीपर असेच राहिले. साधारण दोन मीटर लांब, वीतभर रुंद, तीन इंच जाड. लोखंडी खांब दर दोन मीटरवर रोवायचे आणि त्यांच्या खोबणीत या फळ्या आडव्या सोडायच्या. सुबक काम आहे. पण ते स्लीपर आपल्या रुळाखालचे नव्हेत, हे सभेत कोणाच्या ध्यानात आले नाही. सगळे म्हणाले, स्लीपर काय, आपल्याकडे लाइनीला ढीग पडलेत!

ही गोष्ट खरी होती. दिवा-पनवेल लाइन असो की कल्याणची, रूळ बदलण्याचे काम निघाले की काढलेले स्लीपर कडेला रचलेले दिसतात. खडी घसरू नये म्हणून रेल्वे स्वतःही ते जागोजागी आडवे लावते. आपल्या चार-पाच उत्साही तरुणांनी टेम्पोही ठरवला होता. रात्रीतून वीसेक आणून टाकू, देवाचे काम आहे, कोण विचारतो, असा बेत. मला कळल्यावर मी रात्री साडेनऊला त्यांच्याकडे गेलो. आमच्यात बोलाचाली झाली. त्यांतले एक-दोघे आज समोर बसून हसत आहेत, तेव्हा राग राहिलेला नाही असे समजतो. त्यांना मी सांगितले ते इथेही सांगतो, कारण इतर गावांचे लोकही आले आहेत. १९६६ चा रेल्वे मालमत्ता बेकायदेशीर ताबा कायदा आहे. रेल्वेची वस्तू चोरीची असल्याचा वाजवी संशय असेल आणि ती तुमच्या ताब्यात सापडली, तर ती कायदेशीर मार्गाने आली हे तुम्ही सिद्ध करायचे, त्यांनी नव्हे. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद. कडेला पडलेली वस्तू टाकून दिलेली आहे असे धरून चालायचे नसते. पोरे नोकरीच्या वयाची, एकाचा पोलीस भरतीचा अर्ज गेलेला. देवीच्या भिंतीपायी त्याची चारित्र्य पडताळणी बिघडली असती तर त्याच्या आईला मी काय तोंड दाखवले असते?

सरळ मार्ग वेळखाऊ होता पण अवघड नव्हता. रेल्वे भंगार लिलावाने विकते, आणि हल्ली तो लिलाव संगणकावरच होतो. लॉट मोठे असतात, देवस्थानाला परवडणारे नाहीत. म्हणून ज्याने लिलावात माल घेतला आहे अशा व्यापाऱ्याकडून आपण अठ्ठेचाळीस नग घेतले. त्याच्याकडून कराचे बिल घेतले आणि रेल्वेने त्याला माल उचलू दिल्याच्या कागदाची प्रत मागून घेतली. तो आधी म्हणाला, आजवर कोणी मागितली नाही. मी म्हटले, आम्हाला धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावा लागतो. मग त्याने दिली. ती प्रत समितीच्या फाईलमध्ये आहे, कोणाही देणगीदाराने यावे आणि पाहावी.

जाता जाता दुसरे दोन कागदही सांगतो, कारण माझ्या टेबलावर रोज लोक त्यांसाठी फेऱ्या मारतात. भिंत घालण्यापूर्वी भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घ्या. आपण मोजणी केली तेव्हा जुना गडगाच शेजाऱ्याच्या हद्दीत हातभर गेलेला निघाला. शेजारी भला माणूस म्हणून प्रश्न सुटला, पण आपण नवी भिंत आपल्याच हद्दीत मागे घेतली. आणि मुरूम भरायला आणाल तो स्वामित्वधन भरलेल्या परवान्याचाच आणा. २०१३ चे गौण खनिज नियम देवळाला वेगळे आणि घराला वेगळे नाहीत.

आता वस्तूविषयी. जुनी गँगमन मंडळी त्याला सिलपाट म्हणत. पूर्वी रुळाखाली लाकूड असे, सागाचे, सालाचे, देवदाराचे, आणि ते टिकावे म्हणून त्यात डांबरापासून काढलेले काळे तेल मुरवलेले असे. बिडाचे आणि पत्र्याचे स्लीपरही होते. काँक्रीटचे स्लीपर ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात फोफावले, कारण लाकडाची आयात अडली. आपल्याकडे ते १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आले आणि जंगल कमी होत गेले तसे सगळीकडे पसरले. यातली युक्ती फ्रेंच इंजिनिअर फ्रेसिने यांची, १९२८ सालची. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. म्हणून ओतण्यापूर्वी आत पोलादी तारा ताणून धरायच्या आणि काँक्रीट घट्ट झाल्यावर सोडायच्या. तारा आखडू पाहतात आणि काँक्रीटला कायमचे आवळून धरतात. आपल्या ब्रॉडगेजच्या नेहमीच्या स्लीपरमध्ये तीन-तीन तारांचे पीळ असे अठरा असतात. लांबी २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट. वजन २६७ किलो. तळाला साधारण दहा इंच रुंद आणि वर निमुळता, दोन टोकांकडे जाड आणि मधे थोडा बारीक. आपण रोज ज्या लोकलने जातो ती याच्याच पाठीवरून जाते.

एका गोष्टीवरून सभेत खरोखर अडले. ज्येष्ठ मंडळी म्हणाली, वर्षानुवर्षे गाड्यांच्या संडासांची घाण ज्यावर पडली ती वस्तू देवळाच्या आवारात? ही तक्रार रास्त होती, मी ती हसण्यावारी नेली नाही. डब्यांना जैविक शौचालये बसली ती अलीकडे. हे स्लीपर त्याआधीचे. त्यावर पुजारीबुवांनीच तोड काढली. भिंत आवाराच्या बाहेरच्या कडेला आहे, देवळाला लागून नाही. स्लीपर तारेच्या ब्रशने घासून, धुऊन, उन्हात वाळवून घ्यावेत, मग आपण त्यावर गोमूत्र शिंपडू. तीन दिवस तरुण मंडळींनी घासण्याचे काम केले. टेम्पोवालेच त्यात पुढे होते.

कोणीतरी म्हणाले, लाकडी स्लीपर घेऊ, दिसायला छान. त्याला मात्र मी आणि नानांनी दोघांनी विरोध केला. त्या काळ्या तेलाने कर्करोगाचा धोका आहे म्हणून युरोपात तसे लाकूड बागेत वापरण्यावर २००१ सालच्या नियमाने निर्बंध आले. उन्हाळ्यात ते तेल पाझरते. आपल्या वाफ्यातली तुळस तीर्थात जाते आणि लहान पोरे ते तीर्थ पितात.

बांधकामाचा बेत नानांनी आखला आणि डोंबिवलीच्या एका इंजिनिअरकडून तपासून सही घेतली. आपण स्लीपर आडवे रचले नाहीत. आडवे रचले की निमुळत्या आकारामुळे ते एकावर एक नीट बसत नाहीत, डुगडुगतात, आणि पाच फुटांची चळत माती ढकलून देईल. आपण ते उभे रोवले, एकाला एक लावून. नऊ फुटांतले चार फूट जमिनीत, पाच फूट वर. घट्ट मुरूम लागेपर्यंत चर खणला, अडीच फूट रुंद, तळाला कच्चे काँक्रीट, त्यावर स्लीपर उभे करून चर पुन्हा काँक्रीटने भरला. सगळे ओळंब्यात न लावता वरच्या टोकाला मातीकडे चार इंच कल दिला, कारण माती ढकलणार म्हटल्यावर थोडे मागे रेलून उभे राहिलेले बरे.

कोणती बाजू कुठे, यावर नानांनी अर्धा दिवस घेतला. मिस्त्री म्हणत होता निमुळती बाजू बाहेर ठेवू, रुळाच्या बैठका दिसतील, शोभा येईल. नाना म्हणाले नाही, तळाची सपाट बाजू वाटेकडे आणि रुळाची बाजू मातीकडे. त्यांचे कारण मला फार आवडले. गाडी जाते तेव्हा रुळाखाली स्लीपर दबतो आणि खालची खडी त्याला मधोमध वर उचलू पाहते, म्हणजे मध्यभागी वरची बाजू ताणली जाते. कारखान्याने मधला भाग तो ताण सोसण्यासाठीच घडवलेला असतो. आपल्या भिंतीत सर्वात जास्त ताण जमिनीलगत येतो, मातीकडच्या बाजूला. चार फूट गाडला की जमिनीची रेघ स्लीपरच्या मध्याजवळच येते. म्हणजे ज्या जागी त्याला ताण सोसायची सवय आहे त्याच जागी आपण त्याला ताण देतो. शक्तीचा प्रश्नच नाही, ज्यावरून गाडी जाते त्याला आपल्या बागेची माती काय मोडणार? स्लीपर मोडत नाही, पाया ढिला असला तर तो कलतो. म्हणून सगळी मेहनत पायावर आणि पाण्यावर. निमुळती बाजू आत गेल्याने दर दोन स्लीपरमध्ये मातीकडे एक उभी खोबण तयार झाली, ती खडीने भरली. पाणी तिच्यातून सरळ खाली उतरते.

दर सहा स्लीपरनंतर, म्हणजे दर दीड मीटरला, तीन इंचांची फट ठेवून तिच्यात तळाशी पाइप बसवला आणि फटीचा वरचा भाग काँक्रीटने बुजवला. असे सात पाइप आहेत. भिंतीमागे एक फूट जाडीची खडी, खडी आणि माती यांच्यामध्ये गाळणीचे कापड, आणि खडीच्या तळाशी भोके पाडलेला चार इंची पाइप ओहोळापर्यंत उतार देऊन नेला. मागच्या खेपेला मी खोडलेल्या त्या दोन बाबी या खेपेला अंदाजपत्रकात सर्वात वर होत्या. माथ्यावर सळईची एक पट्टी सलग ओतली, म्हणजे सगळ्यांची डोकी एकत्र बांधली गेली. तिच्यावर आता बायका फुलांच्या परड्या ठेवतात.

अठ्ठेचाळीसपैकी दोन नग नानांनी परत केले. एकाच्या टोकाला तारा उघड्या पडून गंजल्या होत्या, दुसऱ्याला मधे आडवी चीर होती. मिस्त्रीला कोपऱ्यावर एक स्लीपर कापून अर्धा लावायचा होता. नानांनी कटर हातातून काढून घेतला. कापलेल्या टोकाला तारांची आवळ राहत नाही आणि तोंडे उघडी पडून पाणी आत जाते. कोपऱ्याची जागा मग साध्या काँक्रीटने भरून काढली. उचलण्यासाठी हायड्रा लावला होता, पण वाट अरुंद, शेवटचे दहा-बारा नग माणसांनीच न्यावे लागले. दोन वासे, दोर आणि आठ माणसे. एका गड्याचा अंगठा चेंगरला, नख गेले. त्याच्या औषधाचा खर्च समितीने दिला आणि त्याला महिनाभर मजुरी दिली. ही बाब हिशेबात "इतर" मध्ये आहे, ती काय म्हणून कोणी विचारू नये यासाठी सांगितले.

भिंत मे २०२३ मध्ये पुरी झाली. छेचाळीस स्लीपर, सव्वाबारा टन वजन. पहिला मोठा पाऊस आला त्या रात्री मला झोप आली नाही. दोन वाजता बॅटरी घेऊन गेलो तर नाना आधीच छत्री घेऊन वाटेवर उभे होते. आम्ही काही बोललो नाही. सातही पाइपांतून पाणी येत होते. प्रथम गढूळ, आणि पहाटेपर्यंत स्वच्छ. गाळणीच्या कापडाने माती धरून ठेवली याची ती खूण, असे नाना म्हणाले. त्यानंतर २०२४ चाही पावसाळा झाला. माथ्याच्या पट्टीवर आम्ही दोन खुणा कोरून ठेवल्या आहेत, ओळंबा सोडून दर दिवाळीला बघतो. अजून सरकलेल्या नाहीत.

दिसायला ती भिंत दगडासारखी सुंदर नाही, हे मी कबूल करतो. काळपट, खडबडीत, वर जुने नंबर. समितीत एकाने तिला दगडी रंग मारायची सूचना केली होती, ती नामंजूर झाली हे बरे झाले. मोगऱ्याचे आणि कृष्णकमळाचे वेल सोडले आहेत, दोन वर्षांत झाकून जाईल. खाली आलेला प्राजक्त आम्ही छाटून परत लावला होता, तो जगला. यंदा गौरीला त्याची फुले होती.

इतर गावांच्या मंडळींना एवढेच सांगतो की आपली भिंत पाहून घरी जाऊन आठ किंवा दहा फुटांची करू नका. चौपटीचा हिशेब मघाशी सांगितला. पाच फुटांवर गेलात तर इंजिनिअरशिवाय हात घालू नये, आणि वर घर, पाण्याची टाकी किंवा गाडीची वाट असेल तर पाच फुटांच्या आतही नाही.

आणि आता आपल्याच लोकांना दोन कामाच्या गोष्टी. उद्या यात्रेला जनरेटरची गाडी आणि पाण्याचा टँकर दरवर्षीप्रमाणे मागच्या सपाटीवर उभा करायचा बेत आहे असे आत्ता येताना कानावर आले. तसे करू नका. भरलेला टँकर भिंतीच्या काठाशी उभा राहिला तर ते वजन या हिशेबात धरलेले नाही. शाळेच्या मैदानात जागा केली आहे, केबल लांब लागेल, ती आणून ठेवली आहे. दुसरे असे की उजवीकडून तिसरा पाइप हिवाळ्यापासून पानांनी आणि कोणीतरी कोंबलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बुजला आहे. मी काठीने प्रयत्न केला, निघाला नाही. यात्रा उरकली की येत्या रविवारी सकाळी आठ वाजता नाना आणि मी तिथे असू. ज्यांना जमेल त्यांनी लांब सळई आणि एक-दोन बादल्या घेऊन यावे. चहाची व्यवस्था समितीकडून आहे.